जय्यद, मुमताज

सल्माबादच्या गॅरेजात दुपारी अडीचला
फवाजनं पिवळी गाडी आत घेतली
आणि चावी माझ्या हातात न देता बॉनेटवर ठेवली.
जरा सुस्त वाटते, म्हणाला.
वडिलांना फोन करू नकोस.

बहारिनच्या पंपावर जय्यद म्हणजे बरं, एक्क्याण्णव.
मुमताज म्हणजे उत्तम, पंच्याण्णव.
त्याच्याही वर सुपर,
आणि या गाडीच्या टाकीच्या झाकणाआड
जर्मन लोकांनी बारीक अक्षरांत बजावून ठेवलंय:
अठ्ठ्याण्णव.

गिऱ्हाइकांना वाटतं, महाग पेट्रोलात आग जास्त.
आठ वर्षं सांगतोय, कुणी ऐकत नाही.
महाग पेट्रोल दम धरतं.
पिस्टन वर येतो, दाबतो, अजून दाबतो,
बारा घागरींची हवा एका घागरीत,
तरी ते गप्प बसतं
ठिणगीची ज्योत आपल्यापर्यंत येईस्तोवर.
स्वस्तातलं मधेच आपलं आपण भडकतं
आणि लोखंडाच्या पोटात
पत्र्यावर मूठभर खडी फेकल्यासारखं वाजतं.
बाकी फरक पैशांचा.

लॅपटॉप जोडला.
सहाही सिलिंडरांपुढे उणे तीन, उणे चार.
गाडीनं दिवा लावला नव्हता, तक्रार नव्हती,
नुसती ठिणगी चार अंश मागे घेतली होती
आणि सांभाळून चालली होती पोराला.
मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली.
तो बुटाकडे बघत राहिला.
बाबांनी कार्ड बंद केलंय, म्हणाला, महिना झाला.
जय्यद भरतो. रात्री, रिफाच्या पंपावर,
तिथं ओळखीचं कुणी येत नाही.

हा आवाज मला लॅपटॉपशिवाय कळतो.
दापोली स्टँडवरची आमची रिक्षा
हर्णैहून वर चढताना असाच काढायची.
निम्मं पेट्रोल, निम्मं रेशनचं निळं रॉकेल.
रॉकेलच्या रांगेत थोरली बहीण,
पहाटे पाचपासून, पाच लिटरचा कॅन घेऊन.
ती आणायची स्टोव्हसाठी,
बाबा ओतायचे रिक्षात,
आणि ती ओल्या काटक्या फुंकत बसायची
डोळे लाल करून.
कधी बोलली नाही.
म्हणजे एकदा बोलली, भाकरी थापता थापता:
रिक्षा खोकते, मीही खोकते,
औषध आधी कुणाचं आणताय?
बाबा त्या दिवशी न जेवता गेले.
दुसऱ्या दिवशी कॅन धुऊन
ती परत रांगेत.

फवाजला म्हटलं, आहे ते संपू दे.
पाय हलका ठेव. नशीब, तुमच्या देशात घाट नाहीत.
तो हसला, आणि मग जाईना.
चहा प्यायला, रिकाम्या टायरवर बसून,
माझ्या पोराला पेट्रोल बरं की सुपर, असं विचारलं.
मी म्हटलं, तो चौथीत आहे.

संध्याकाळी बू हमदचा फोन.
दिलावर, गाडीला काय झालं होतं?
नोकरी, व्हिसा, पोराची फी,
सगळं त्या फोनच्या एवढ्याशा भोकात येऊन बसलं.
मी जरा वेळ घेतला.
गाडी ठणठणीत आहे, म्हटलं.
पोराशी बोलून बघा. रागावू नका, नुसतं बोला.
पलीकडे एसीचा आवाज, बराच वेळ.
मग फोन ठेवला त्यांनी.
बरं वाटलं की वाईट, कळायला मार्ग नाही.

माझी सनी चौदा वर्षांची.
तिच्या इंजिनात दाबच एवढा नाही
की चांगलं पेट्रोल तिला कळावं.
जय्यद पुरतं, पुरून उरतं,
हे मी दिवसातून चारदा चार लोकांना समजावतो.
तरी ईदच्या आदल्या रात्री
सित्राच्या पंपावर काच खाली करून
वर्षातून एकदा सांगतो, मुमताज.
भरणारा तेलुगू पोरगा विचारतो, फुल?
फुल, म्हणतो.
बहिणीचं नाव आहे ते.